एंटरने ढकललेली पानं : एका प्रबंधाच्या फाइलची दुरुस्ती

दीडशेच्या आसपास पानांचा एक प्रबंध. मजकूर पूर्ण झालेला, मार्गदर्शकांनी वाचून मान्य केलेला, सादर करायची तारीख तोंडावर आलेली. शेवटच्या फेरीत फक्त मांडणीबद्दल तीन सूचना आल्या. ओळींमधलं अंतर सिंगल आहे ते दीडपट करा, बांधणीसाठी डावा समास ३८ मिलिमीटर ठेवा आणि सगळीकडे एकच फाँट वापरा. संशोधकाने वर्डमध्ये सगळा मजकूर निवडला, तिन्ही बदल केले आणि फाइल कोलमडली.

परिच्छेदांमध्ये दीड-दीड सेंटिमीटरच्या पोकळ्या पडल्या. काही पानं माथ्यावर एक-दोन ओळी रिकाम्या सोडून सुरू होऊ लागली. उपशीर्षकं पानाच्या तळाशी एकटी राहिली आणि त्यांचा मजकूर पुढच्या पानावर गेला. अवतरणांमध्ये एक भरलेली ओळ, तिच्याखाली दोन शब्दांची तुटकी ओळ, पुन्हा भरलेली ओळ, अशी रांग लागली. संदर्भसूचीत तर एका नोंदीचं शेपूट कुठे संपतं आणि दुसरी कुठे सुरू होते, ते कळेना. चौथं प्रकरण बाकीच्या प्रबंधापेक्षा इंचभर आत सरकलेलं होतं, पण ते आधीपासूनच तसं होतं. नव्या समासामुळे ते डोळ्यांत भरलं, इतकंच.

फाइल माझ्याकडे आली तेव्हा तो म्हणाला, “ताई, काल सगळं जागच्या जागी होतं. मी मजकुराला हातसुद्धा लावला नाही, फक्त अंतर बदललं.”

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं, आणि निदानही त्यातच होतं. पानावरची मोकळी जागा दोन रीतींनी येते. एक टाइप केलेली : एंटर, टॅब, स्पेसबार दाबून कागद भरायचा. दुसरी सांगितलेली : या परिच्छेदाच्या खाली इतके पॉइंट (छपाईतलं मापाचं एकक) सोड, पहिली ओळ इतकी आत घे, हे परिच्छेदाच्या गुणधर्मांत नोंदवायचं. पडद्यावर दोन्ही सारख्या दिसतात. समास, फाँट, ओळींचं अंतर यांतलं काही बदललं की सांगितलेली जागा आपलं माप धरून राहते आणि टाइप केलेली जागा मजकुरासारखीच वाहत जाते. या प्रबंधातली जवळजवळ सगळी जागा टाइप केलेली होती.

खुणा दाखवल्यावर

अशी फाइल उघडल्यावर मी आधी लपलेल्या खुणा दाखवायला सांगते. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८. लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि एफ १०. एंटरच्या जागी परिच्छेदखूण उमटते, टॅबच्या जागी बाण, स्पेसच्या जागी बारीक ठिपका. मग प्रत्येक प्रकरण कोणत्या सवयीने लिहिलं गेलं, ते समोर येतं.

पहिल्या प्रकरणात प्रत्येक परिच्छेदानंतर दोन एंटर आणि पुढच्याच्या सुरुवातीला एक टॅब. दुसऱ्यात टॅबऐवजी कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात स्पेस. तिसऱ्यात अवतरणं भरपूर. त्यांची प्रत्येक ओळ एंटरने तोडलेली आणि पुढची दोन टॅब देऊन आत घेतलेली. नवं प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून सगळीकडे एंटरच्या माळा. या सवयी जुन्या टाइपरायटरच्या आहेत. तिथे जागा सोडायला यापेक्षा फारसं साधनच नव्हतं, त्यामुळे त्यांत वावगं काही नव्हतं. शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे त्या तशाच उतरत आल्या आहेत, आणि या संशोधकाला दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही.

चौथ्या प्रकरणाचं कोडं वेगळं होतं. तिथे टॅब नव्हते, स्पेस नव्हत्या, पण प्रत्येक परिच्छेदाचा डावा इंडेंट, म्हणजे समासापासून आत सोडलेली जागा, २.५४ सेंटिमीटर होता. विचारल्यावर कळलं, हे प्रकरण त्याने प्रयोगशाळेतल्या संगणकावर रायटरमध्ये लिहिलं आणि घरी वर्डमध्ये पुढे नेलं. रायटरमध्ये कंट्रोल-एम म्हणजे हाताने केलेली मांडणी पुसून टाकणं. वर्डमध्ये तेच कंट्रोल-एम परिच्छेदाला एक टॅब, म्हणजे १.२७ सेंटिमीटर, आत ढकलतं. मांडणी साफ करायची म्हणून त्याने सगळं निवडून ते दाबलं, काही झालं नाहीसं वाटून पुन्हा दाबलं. दोनदा १.२७ म्हणजे २.५४. वर्डमध्ये परिच्छेदाची हाताने केलेली मांडणी काढायला कंट्रोल-क्यू लागतं. तेच रायटरमध्ये दाबलं तर प्रोग्रॅमच बंद व्हायला निघतो. दोन्हीकडे काम करणाऱ्याने या दोन जोड्या पाठच कराव्यात.

पोकळी एवढी का वाढली

दोन एंटर दाबले की मधे एक रिकामा परिच्छेद तयार होतो. तो रिकामा असला तरी परिच्छेदच असतो. त्याला स्वतःची ओळ-उंची असते आणि स्वतःची खालची जागाही असते. वर्डच्या २००३ पर्यंतच्या कोऱ्या फाइलमध्ये परिच्छेदाखालची जागा शून्य होती. २००७ मध्ये ती १० पॉइंट झाली आणि ओळींचं अंतर १.१५ पट. २०१३ मध्ये ८ पॉइंट आणि १.०८ पट. संशोधकाने ओळींचं अंतर सिंगल केलं होतं, पण खालच्या ८ पॉइंटांना हात लावला नव्हता. ते तिथे आहेत हेच त्याला माहीत नव्हतं.

आता हिशेब असा. देवनागरी फाँटची १२ पॉइंट आकारातली एक ओळ साधारण २० पॉइंट उंच धरू. आधीच्या परिच्छेदाखालचे ८, रिकाम्या ओळीचे २०, तिच्याखालचे ८, मिळून ३६ पॉइंट. इंचात ७२ पॉइंट असतात, म्हणजे हा अर्धा इंच झाला. सिंगल अंतरावरही तो जास्तच होता, पण डोळा सरावला होता. दीडपट केल्यावर रिकामी ओळ ३० पॉइंटांची झाली आणि पोकळी ४६ पॉइंटांवर, म्हणजे १६ मिलिमीटरच्या पुढे गेली.

पानाच्या माथ्यावरच्या रिकाम्या ओळींचं मूळही इथेच. सांगितलेली खालची जागा पानाच्या शेवटी आली तर ती तिथेच जिरते, पुढच्या पानावर जात नाही. रिकामा परिच्छेद मात्र जिरत नाही. आधीचा मजकूर पान भरून संपला की तो पुढच्या पानाची पहिली ओळ होऊन बसतो.

एकाच जोडीचे दोन अर्थ

इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण ‘शोधा आणि बदला’ उघडून दोन परिच्छेदखुणांच्या जागी एक, एंटर-टॅबच्या जागी नुसता एंटर, असं सगळ्या फाइलवर चालवतात. या फाइलवर ते केलं असतं तर संदर्भसूची हातची गेली असती.

कारण एंटर आणि टॅब ही जोडी या प्रबंधात दोन परस्परविरुद्ध अर्थांनी आली होती. पहिल्या प्रकरणात तिचा अर्थ होता ‘इथे नवा परिच्छेद सुरू’. संदर्भसूचीत अर्थ होता ‘तीच नोंद पुढे चालू’. नोंदीची पहिली ओळ समासाला लागून आणि बाकीच्या आत दिसाव्यात म्हणून त्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबला होता. पहिल्या ठिकाणी टॅब काढून एंटर ठेवायचा होता. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही काढून त्यांच्या जागी एक स्पेस द्यायची होती. संगणकाला हा फरक कळण्याचा मार्ग नाही, तो वाचणाऱ्यालाच कळतो. म्हणून साफसफाई भागाभागाने केली. एक भाग निवडायचा, त्यातच बदल करायचा, आणि वर्ड ‘उरलेल्या दस्तऐवजातही शोधू का’ असं विचारतं तेव्हा आठवणीने ‘नाही’ म्हणायचं. या प्रश्नावर सवयीने ‘हो’ दाबलं जातं आणि मग बदल सगळीकडे पसरतो. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवल्याशिवाय तर या कामाला हातच घालू नये.

या खुणा शोधायला कोणतेही संकेत पाठ करावे लागत नाहीत. बदलायच्या खिडकीत ‘मोअर’ आणि मग ‘स्पेशल’ दाबलं की परिच्छेदखूण, टॅब, सक्तीची ओळ-तोड, मोकळी जागा, सगळं यादीत मिळतं. दुसऱ्या प्रकरणातल्या पाच-सहा-सात स्पेससाठी यादीतली ‘व्हाइट स्पेस’ उपयोगी पडली, कारण ती लागोपाठच्या कितीही स्पेस आणि टॅब एकदम पकडते. परिच्छेदखुणेनंतर आलेली व्हाइट स्पेस शोधायची आणि तिथे फक्त परिच्छेदखूण ठेवायची. दुहेरी एंटर एकेरी करताना एक फेरी पुरत नाही. जिथे चार-पाच एंटर होते तिथे पहिल्या फेरीनंतरही दोन-तीन उरतात, म्हणून बदलांची संख्या शून्यावर येईपर्यंत चालवत राहायचं. कोष्टकाला लागून असलेला एखादा रिकामा परिच्छेद तरीही हटत नाही; तो हाताने पाहावा.

तिसऱ्या प्रकरणातली गद्य अवतरणं ओळीओळीने तोडलेली होती, पण दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ होती, हे नशीब. तेवढ्या भागातले टॅब आधी काढले. मग लागोपाठच्या दोन परिच्छेदखुणांच्या जागी मजकुरात कुठेही नसलेली खूण, तीन हॅश, ठेवली. उरलेल्या एकेकट्या परिच्छेदखुणांच्या जागी स्पेस दिली. शेवटी हॅशच्या जागी परिच्छेदखूण परत आणली. तुकडे जुळून सलग परिच्छेद झाले. दुहेरी स्पेस उरल्या त्या वेगळ्या काढल्या.

याच प्रकरणात पद्य अवतरणंही होती आणि तिथे ओळ तुटणं हाच मजकुराचा भाग होता. ती या प्रक्रियेतून पूर्ण वगळली. प्रत्येक कडवं एक परिच्छेद केलं आणि आतल्या ओळी शिफ्ट-एंटरने तोडल्या, म्हणजे ओळ तुटते पण परिच्छेद तुटत नाही आणि कडव्याच्या मधे परिच्छेदाची जागा शिरत नाही. मात्र असा मजकूर डावीकडे जुळवलेलाच ठेवावा. दोन्ही कडा जुळवल्या तर शिफ्ट-एंटरने संपणारी ओळ अनेकदा समासापर्यंत ताणली जाते आणि शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

मापं कुठे नोंदवली

साफ मजकुराला स्टाइल दिल्या, म्हणजे एका नावाखाली एकत्र नोंदवलेली मांडणीची मापं. इथे एक मोह टाळावा लागतो. सगळा मजकूर ‘नॉर्मल’ या मूळ स्टाइलमध्येच आहे, तर ‘नॉर्मल’चीच पहिली ओळ आत घ्यावी, असं वाटतं. पण कोष्टकातला मजकूर, तळटीप, शीर्षपट्टी या सहसा ‘नॉर्मल’वरच बेतलेल्या असतात. तिथे इंडेंट दिला की कोष्टकाच्या प्रत्येक खणातलं पहिलं अक्षर एक सेंटिमीटर आत जातं. म्हणून ‘नॉर्मल’ शून्यावर ठेवून त्याच्यावर ‘बॉडी टेक्स्ट’ उभी केली. दीडपट अंतर, पहिली ओळ १ सेंटिमीटर आत, वर-खाली शून्य. शीर्षकानंतरच्या पहिल्या परिच्छेदाला वेगळी स्टाइल, इंडेंटशिवाय. तिथे नवा परिच्छेद सुरू होतोय हे शीर्षकानेच सांगितलेलं असतं. शीर्षकाच्या स्टाइलमध्ये ‘पुढची स्टाइल’ म्हणून ती नोंदवली आणि तिच्यापुढे ‘बॉडी टेक्स्ट’. त्यामुळे पुढे लिहिताना हे आपोआप घडतं.

उपशीर्षकांना वर १८ पॉइंट आणि खाली ६. शीर्षक खालच्या मजकुराचं असतं, ते त्याच्या जवळ दिसलंच पाहिजे. वर-खाली सारखी जागा सोडलेलं शीर्षक दोन भागांच्या मधे लटकतं आणि वाचणारा दर वेळी क्षणभर अडखळतो. तळाशी एकटं राहू नये म्हणून ‘कीप विथ नेक्स्ट’, प्रकरणाच्या नावाला ‘पेज ब्रेक बिफोर’. एंटरच्या सगळ्या माळा गेल्या.

संदर्भसूचीला १ सेंटिमीटरचा हँगिंग इंडेंट दिला, म्हणजे पहिली ओळ समासाला लागून आणि बाकीच्या आत. वर्डच्या खिडकीत डावा इंडेंट शून्य आणि ‘हँगिंग’ १ सेंटिमीटर असं भरायचं. रायटरमध्ये तीच गोष्ट ‘मजकुराआधी’ १ सेंटिमीटर आणि ‘पहिली ओळ’ उणे १ अशी भरतात. मार्गदर्शक रायटर वापरत होते. त्यांनी फाइल उघडली तेव्हा उणे आकडा पाहून त्यांना शंका आली. तो चूक नव्हता, त्याच मापाची ती दुसरी नोंद होती.

जागा वर द्यायची की खाली, यावर माझं ठाम मत आहे. मजकुराच्या परिच्छेदांना ती एकाच बाजूला द्यावी. वरच्या परिच्छेदाचे ‘आफ्टर’ (खालची जागा) आणि खालच्याचे ‘बिफोर’ (वरची जागा) समोरासमोर आले की काही वेळा त्यांची बेरीज होते, काही वेळा मोठा आकडा धरला जातो. प्रोग्रॅम आणि सुसंगततेची सेटिंग यांवर ते अवलंबून असतं. फाइल दोन प्रोग्रॅममध्ये फिरणार असेल तर हा गोंधळ ओढवून घेण्यात अर्थ नाही.

इंडेंट की अंतर

मार्गदर्शकांना परिच्छेदांमध्ये अंतरही हवं होतं आणि इंडेंटही. मी एकच ठेवा म्हटलं. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात. शिवाय प्रबंधात युक्तिवाद पानोपानी सलग चालतो. तिथे दर परिच्छेदाला पोकळी आली की तो तुटक वाटतो, आणि विषय खरोखर बदलतो तिथे सोडायला वेगळी जागा उरत नाही. सूचना-पुस्तिका किंवा पत्र असतं तर मीच अंतर सुचवलं असतं.

वाद घालत बसण्याऐवजी दोन्ही करून दाखवलं. ‘बॉडी टेक्स्ट’मध्ये इंडेंट शून्य आणि खाली ८ पॉइंट केले, दहा पानं छापली. मग उलट केलं, तीच पानं पुन्हा छापली. जुन्या फाइलमध्ये ही तुलना करायची तर प्रत्येक परिच्छेदावर जावं लागलं असतं. कागद शेजारी ठेवून पाहिल्यावर त्यांनी इंडेंट निवडला, पण अवतरणांच्या वर-खाली ६ पॉइंट मागितले. ती सूचना योग्य होती. अवतरण दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं असतं. त्याला थोडा श्वास लागतोच.

मात्रा का कापल्या जात होत्या

दुसऱ्या प्रकरणातली काही पानं दुसऱ्या ठिकाणाहून चिकटवलेली होती. तिथे ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ १५ पॉइंट होतं आणि रफार, वेलांट्या, अनुस्वार यांचे माथे कापलेले दिसत होते. ‘एक्झॅक्टली’मध्ये ओळीला तेवढीच उंची मिळते, अक्षर मावो न मावो. रोमन लिपीला पुरणारी उंची देवनागरीला पुरत नाही, कारण इथे शिरोरेषेच्या वरही चिन्हं असतात आणि उकार खाली लोंबतात. मजकूर मूळचा रोमन लिपीसाठी मापलेल्या पानात टाकला की हे हमखास होतं.

उलट ‘मल्टिपल’ दीडपट म्हटलं की ते फाँटच्या आकाराच्या दीडपट नसतं. फाँटमध्ये त्याच्या कर्त्याने जी ओळ-उंची नोंदवलेली असते तिच्या दीडपट असतं. १२ पॉइंट मंगल या देवनागरी फाँटची ओळ १२ पॉइंट टाइम्स न्यू रोमनपेक्षा बरीच उंच असते, म्हणून ‘दीडपट’ या एकाच नियमाने दोन प्रबंधांची पानं वेगवेगळी भरतात. एका ओळीत दोन फाँट आले तर उंच फाँट ओळीची उंची ठरवतो. या प्रबंधात आकडे आणि रोमन संज्ञा एका फाँटमध्ये, देवनागरी दुसऱ्यात होती, आणि त्यामुळे एकाच परिच्छेदातल्या ओळी कमी-जास्त अंतरावर दिसत होत्या. ‘एकच फाँट’ या सूचनेनंतरही हे गेलं नव्हतं. वर्डच्या स्टाइलमध्ये रोमन मजकुराचा फाँट वेगळा आणि देवनागरीसारख्या जटिल लिप्यांचा वेगळा नोंदवलेला असतो, आकारसुद्धा वेगळा. दोन्ही रकान्यांत दोन्ही लिप्या असलेला एकच फाँट भरल्यावर ओळी सरळ झाल्या. रायटरमध्येही असेच दोन भाग आहेत, तिथेही दोन्हीकडे पाहावं लागतं.

ताण देऊन पाहणी

शेवटी फाइलच्या एका प्रतीवर सगळ्या स्टाइलचा आकार मुद्दाम १८ पॉइंट केला, डावा समास वाढवला आणि पानं भराभर चाळली. जिथे टाइप केलेली जागा उरली असेल तिथेच मांडणी मोडते. बाकी सगळं फक्त मोठं होतं. तशा जागा दोन परिशिष्टांत सापडल्या. पहिल्यात प्रश्नावली होती. उत्तरांसाठीच्या रेघा अधोरेखा दाबत दाबत काढल्या होत्या आणि काही दुसऱ्या ओळीवर घसरल्या होत्या. उजव्या समासाशी एक टॅब-स्टॉप, म्हणजे टॅब दाबल्यावर थांबायची जागा, ठेवून त्याला रेघेचा ‘लीडर’, म्हणजे मधली जागा भरणारी रेघ, दिला; आता प्रत्येक प्रश्नानंतर एक टॅब, आणि रेघ नेमकी समासापर्यंत.

दुसऱ्यात टॅब टाकून जुळवलेले आकड्यांचे तीन रकाने होते. तिथे कुठे एक टॅब, कुठे तीन. लागोपाठचे टॅब एकावर आणले, तो भाग निवडून ‘मजकुराचं कोष्टक करा’ चालवलं, रकाने वेगळे करणारं चिन्ह म्हणून टॅब दिला. मूळ छापील प्रतीशी आकडे ओळीने ताडून पाहिले, कारण जिथे एखादा खण मुळातच रिकामा होता तिथे टॅब एकवटल्यामुळे पुढचा आकडा डावीकडे सरकला होता. ते खण हाताने दुरुस्त केले आणि प्रत संशोधकाला पाठवली.